सही करण्याआधी पाळकांना भेटा

वाचकाचं पत्र:

"दीड वर्षापासून मी एका लहानशा इव्हँजेलिकल मंडळीत उपासनेला जाते. साठ-सत्तर माणसं, सगळी एकमेकांना नावानिशी ओळखणारी. माझ्या फार वाईट काळात याच माणसांनी मला सावरलं. आता पाळकांनी सभासद होण्याबद्दल विचारलं आणि 'आमचा विश्वास व आमची मूल्ये' असा दोन पानी कागद हातात दिला. खाली सही करायची आहे. काही कलमं मी लहानपणापासून म्हणत आले आहे, काही पहिल्यांदाच वाचते आहे. मी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला. इथे तो धरत नाहीत; पाण्यात उतरून पुन्हा घ्यावा लागेल. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'मग आम्ही तुझ्यासाठी केलं ते काय होतं?' त्या दिवसापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. दुसऱ्या पानावर प्रार्थना, कुटुंब, उदारता, पारदर्शकता, आज्ञाधारकपणा असे शब्द आहेत. त्यांना कोण नाही म्हणेल? तरीही सही करताना हात थांबतो. माझा विश्वास कमी पडतोय का?"

ताई,

हात थांबतो याचा अर्थ विश्वास कमी आहे, असा मी लावणार नाही. सही म्हणजे दिलेला शब्द, आणि शब्द देण्याआधी थांबणाऱ्या माणसाला तो पाळायचा असतो. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांची हकिगत आहे. पौलासारखा प्रेषित समोर उभा राहून बोलत होता, तरी ते रोज शास्त्र उघडून त्याचं बोलणं ताडून पाहत होते. ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना संशयी म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो. दोन पानी कागदासाठी तुम्हीही तेच करायचं आहे. त्यासाठी तुमच्या पाळकांची परवानगी लागत नाही. ते चांगले पाळक असतील तर त्यांना आनंदच होईल.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. कागदावर सगळी कलमं एकाखाली एक, सारख्या अक्षरात छापलेली आहेत, म्हणून तुम्ही ती सारख्या वजनाची धरली आहेत. ती तशी नाहीत. पेन्सिल घ्या आणि कागद पुन्हा वाचा.

एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे. येशू ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य आहे. तो वधस्तंभावर मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, पुन्हा येणार आहे. अशा ओळी दिसतील तिथे एक जाड रेघ ओढा. ही तुमच्या पाळकांची मतं नाहीत, कुठल्या एका पंथाचीही नाहीत. ३२५ साली निकेया इथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल इथे मंडळ्यांचे पुढारी जमले, पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे का यावर भांडले आणि त्यातून जो अंगीकार घडला, तो आजही जगभर म्हटला जातो. तुम्ही तो लहानपणी पाठ केलात, बहुधा आईच्या शेजारी उभं राहून. म्हणजे कागदाचा हा भाग तुमच्या आईलाही मान्य आहे. तिची सही त्यावर कधी कोणी मागितली नाही, इतकंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरची काही कलमं अशी असतील की ज्यांच्यामुळे या मंडळीला इव्हँजेलिकल म्हणतात. हा शब्द 'सुवार्ता' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या लोकांच्या चार खुणा सांगितल्या आणि त्या अजून उपयोगी पडतात: माणसाचं आयुष्य पालटलं पाहिजे हा आग्रह, बायबलचा अधिकार, ख्रिस्ताच्या वधस्तंभाला मध्यभागी ठेवणं, आणि विश्वास कृतीत उतरवणं, मग ती सुवार्ता सांगण्याची असो की सेवेची. तुमच्या कागदावर ही चारही कुठे ना कुठे असणारच.

नव्या जन्माच्या कलमापाशी थोडं थांबा. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाला सांगतो की नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. इव्हँजेलिकल मंडळ्यांनी हे वाक्य काळजात धरलं आणि बरंच केलं, कारण घराण्याकडून मिळालेला विश्वास माणसाचा स्वतःचा होतोच असं नाही. पण काही ठिकाणी या कलमाचा नकळत असा अर्थ होतो की प्रत्येकाकडे तारीख-वार सांगता येईल अशी पालटाची गोष्ट असली पाहिजे. ज्यांच्याकडे ती असते ते साक्ष देताना चमकतात. घरात प्रार्थना ऐकत वाढलेली, हळूहळू विश्वासात आलेली माणसं मागच्या बाकावर गप्प बसतात. मी अशा गप्प बसलेल्या पुष्कळ माणसांशी बोलले आहे. त्यांचा विश्वास खोटा नव्हता, त्यांना फक्त दिवस आठवत नव्हता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल त्याच्या आजीचा आणि आईचा विश्वास आठवतो. त्याच्या पालटाची तारीख विचारत नाही. तुमच्या मंडळीत तीमथ्यासारख्या माणसाला जागा आहे का, हे पाळकांना विचारा.

तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे कलम इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातून आलं आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीला हरकत घेतली, तेव्हापासून प्रोटेस्टंट मंडळ्या याच वाक्यावर उभ्या आहेत. याबद्दल मला जास्त काही बोलायचं नाही, कारण हे वाक्य माझ्या स्वतःच्या आयुष्याचा आधार आहे. फक्त आठवी आणि नववी ओळ वाचून थांबू नका, दहावीही वाचा. तिथे सत्कृत्यं येतात, तारणाची किंमत म्हणून नाही तर त्याचं फळ म्हणून.

बायबल निर्दोष आहे, या कलमावर लोक अडखळतात. १९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे सुमारे दीडशे देशांतले इव्हँजेलिकल पुढारी जमले होते. तिथल्या करारात म्हटलं आहे की शास्त्र ज्या गोष्टी ठामपणे सांगतं त्या सगळ्यांत ते निर्दोष आहे. १९७८ मध्ये शिकागोत इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी काढलेल्या निवेदनानं आणखी बारकावा आणला: हा दावा मूळ हस्तलिखितांबद्दल आहे, आणि काव्य, रूपक, गोळाबेरीज आकडे त्या त्या लेखनप्रकाराप्रमाणेच वाचायचे. म्हणजे हे कलम दिसतं तेवढं बोथट नाही. पण व्यवहारात धोका दुसरीकडे असतो. शास्त्र चुकत नाही, या वाक्यावरून 'मी शास्त्राचा जो अर्थ सांगतो तो चुकत नाही' या वाक्यावर माणूस कधी घसरतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही. १८४६ मध्ये लंडनमध्ये इव्हँजेलिकल अलायन्स ही वेगवेगळ्या मंडळ्यांच्या लोकांची संघटना उभी राहताना जी नऊ कलमं मान्य झाली, त्यातलं एक असं होतं की शास्त्राचा अर्थ स्वतःच्या विवेकानं लावणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. पाळकांना प्रश्न विचारणं म्हणजे बंड, असं तुम्हाला कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की हे इव्हँजेलिकल परंपरेच्या पायातलंच आहे.

मग उरलेली कलमं. ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य कधी आणि कसं, न शिकलेल्या अन्य भाषांत बोलण्याचं दान आजही मिळतं का, स्त्रियांनी उपदेश करावा का, मंडळीचा कारभार वडिलांनी, म्हणजे नेमलेल्या ज्येष्ठांनी, पाहावा की सगळ्या सभासदांनी. शास्त्रावर सारखंच प्रेम असलेली माणसं या प्रश्नांवर वेगवेगळ्या बाजूंना उभी आहेत. मंडळीनं एक बाजू घेणं गैर नाही. रविवारी काहीतरी एक शिकवावंच लागतं. तुम्ही विचारायचं ते एवढंच: सभासदाला हे सगळं पटलंच पाहिजे, की मंडळी असं शिकवते हे मान्य करून तिच्यात शांतीनं राहता येतं? या दोन सह्या फार वेगळ्या आहेत. कागदावर त्यांतली कोणती मागितली आहे ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

आता बाप्तिस्मा.

हा प्रश्न पाण्याचा नाही, घराचा आहे, हे तुमच्या पत्रातून मला कळलं. तरी आधी पाण्याचं बोलू. तुमची मंडळी म्हणते की बाप्तिस्मा विश्वास ठेवलेल्या माणसानं स्वतः घ्यायचा. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आधी पश्चात्ताप करा म्हणतो, मग बाप्तिस्मा घ्या म्हणतो. आठव्या अध्यायातला कूशी अधिकारी ऐकतो, समजून घेतो आणि मग रथ थांबवून पाण्यात उतरतो. हा युक्तिवाद भक्कम आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिचमध्ये काही जणांनी याच समजुतीनं एकमेकांना बाप्तिस्मा दिला, आणि दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांना लिमाट नदीत बुडवून मारण्यात आलं. मारणारे प्रोटेस्टंटच होते. त्यामुळे हा हट्ट कोणाच्या लहरीतून आलेला आहे असं समजू नका. लोकांनी त्यासाठी जीव दिला आहे.

तुमच्या आईची बाजूही तितकीच जुनी आहे. फिलिप्पैत लुदियेचा आणि तुरुंगाच्या नायकाचा सगळ्या घराण्यासह बाप्तिस्मा झाला, हे सोळाव्या अध्यायात आहे. देवाचा करार आईबापांबरोबर त्यांच्या लेकरांनाही कवेत घेतो, त्या लेकरानं देवाला ओळखण्याआधी देव त्याला ओळखतो, हा या बाजूचा गाभा. ल्यूथर आणि त्यांच्यानंतरचे धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी बालबाप्तिस्मा सोडला नाही. नव्या जन्माचा उपदेश करत गावोगाव फिरलेले जॉन वेस्ली स्वतः अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, पाळक होते आणि बालबाप्तिस्मा मानत होते. लोझानच्या कराराच्या मसुद्यामागे मुख्य हात जॉन स्टॉट यांचा होता. तेही ज्या चर्चचे पाळक होते तिथे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. म्हणजे इव्हँजेलिकल असणं आणि बालबाप्तिस्मा नाकारणं ही एकच गोष्ट नव्हे. तुमची मंडळी त्या घराण्यातल्या एका शाखेची आहे.

म्हणून पाळकांना सरळ विचारा: माझ्या विश्वासाची साक्ष ऐकून, पुन्हा बाप्तिस्मा न घेता मला सभासद करून घेता येईल का? हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकातले इंग्लिश उपदेशक आणि लेखक जॉन बनियन स्वतः विश्वास ठेवल्यानंतरच्या बाप्तिस्म्याच्या बाजूचे होते; तरी पाण्याबद्दलचा मतभेद हा सहभागितेतला अडसर होऊ नये, असं त्यांनी १६७३ मध्ये जाहीरपणे मांडलं आणि स्वतःच्याच लोकांची टीका ओढवून घेतली. काही मंडळ्या आजही ही वाट ठेवतात, काही ठेवत नाहीत. तुमची मंडळी नाही म्हणाली, तर त्यांचा राग करू नका. सभासद न होताही तिथे उपासनेला जाता येतं, सेवा करता येते, आणि तुमच्या वाईट काळात ज्यांनी तुम्हाला सावरलं ती माणसं उद्या तुम्हाला ओळख दाखवायची थांबणार नाहीत. थांबली, तर तेही सहीच्या आधीच कळलेलं बरं.

आणि शास्त्र वाचून, प्रार्थना करून तुमचं स्वतःचं मन पटलं की मला हा बाप्तिस्मा घ्यायचाच आहे, तर घ्या. फक्त सभासदत्वासाठी घेऊ नका. तो अर्जाबरोबर जोडायचा दाखला नाही.

दुसऱ्या पानाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिथले शब्द गोड आहेत आणि त्यांच्यावर कोणी भांडत नाही. १८४६ ची गोष्ट मी अर्धवट सांगितली होती. नऊ कलमांवर एकमत झालं. त्र्यैक्य, शास्त्र, वधस्तंभ, कशावरही वाद उरला नाही. मग प्रश्न आला की गुलाम बाळगणाऱ्या माणसाला सभासद करायचं का. ब्रिटनचे लोक नाही म्हणाले, अमेरिकेतून आलेल्या पुष्कळांना ते जमेना, आणि जगभराची एक संघटना उभी करायचा बेत तिथेच बारगळला. विश्वासाच्या कागदावर सगळ्यांची बोटं एकाच ओळीवर होती. माणसाला मालकीची वस्तू म्हणून बाळगायचं की नाही, यावर ती हलली. ही हकिगत वाचते तेव्हा मला दर वेळी त्रास होतो. विश्वासाची कलमं बिनचूक असणं पुरत नाही, हे मला पुस्तकातून समजलं त्याच्या आधी अनुभवातून समजलं होतं.

तरुणपणी मी एका मंडळीत सात वर्षं होते. तिच्या विश्वासाच्या कागदात आजही मला एक शब्द चुकीचा सापडणार नाही. इमारतीसाठी वर्गणी गोळा होत होती. एका बैठकीत मी हिशेब कधी वाचला जाणार असं विचारलं. सहज विचारलं होतं. पुढच्या रविवारी व्यासपीठावरून संशयाच्या आत्म्याबद्दल उपदेश झाला आणि बाहेर पडताना माझ्याशी कोणी हस्तांदोलन केलं नाही. मला वाटलं मीच पापी आहे. त्यातून बाहेर यायला मला दोन वर्षं लागली. पुढे दुसऱ्या एका मंडळीत वार्षिक सभेला बसले. तिथले एक वयस्कर वडील चष्मा सावरत, रटाळ आवाजात, झाडू आणि बल्बपर्यंतचा खर्च वाचून दाखवत होते. लोक जांभया देत होते. मी मात्र रडत होते.

म्हणून 'पारदर्शकता' हा शब्द वाचलात की विचारा, पैसे कोण मोजतं, कितीजण मोजतात, आणि हिशेब सभासदांसमोर कधी येतो. यात अपमान कसला? यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली देणगी घेऊन जाताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस मुद्दाम सोबत घेतला, कोणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्यानंच तसं लिहिलं आहे. 'उदारता' या शब्दामागे दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, सक्तीचा आहे का, न दिल्यास काय होतं, तेही विचारा. दशांश आणा असं सांगणारा मलाखीचा तिसरा अध्याय पुष्कळदा ऐकवला जातो. त्याच्यासोबत करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा नववा अध्यायही ठेवावा, जिथे देणाऱ्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुढत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये असं आहे.

'आज्ञाधारकपणा' हा त्या पानावरचा सगळ्यात नाजूक शब्द. पुढाऱ्यांचं ऐका, असं इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात आहे, खरं आहे. पेत्रही पुढाऱ्यांना बजावतो की सोपवलेल्या लोकांवर हुकमत गाजवू नका, कळपाला कित्ता व्हा. ही दोन वाक्यं एकत्र वाचणारी मंडळी निरोगी असते. पहिलंच वाक्य वाचणाऱ्या मंडळीत नोकरी, लग्न, घर बदलणं, सगळ्याला होकार मागावा लागतो. पाळक स्वतः कोणाचं ऐकतात? त्यांची चूक झाली तर ती त्यांना कोण दाखवू शकतं? मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूनं सांगितलेला क्रम आहे: आधी एकट्यानं जाऊन बोला, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. तो क्रम पाळकांच्या बाबतीतही चालतो का? आणि एखाद्याच्या अंगावर हात टाकला गेला, मुलाला इजा झाली, तर ती गोष्ट मंडळीतच मिटवायची की पोलिसांकडे जायची? या शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं, तर सही करू नका. यावर मी तुम्हाला दुसरा सल्ला देणार नाही.

आणखी एक साधं निरीक्षण करा. गेल्या काही वर्षांत जे लोक ती मंडळी सोडून गेले, त्यांच्याबद्दल तिथे कसं बोललं जातं ते ऐका. आठवण काढतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, की नाव निघताच चेहरे बदलतात? योहानाच्या तिसऱ्या पत्रात अशा एका माणसाचा उल्लेख आहे, ज्याला सगळ्यांत पहिलं व्हायची हौस होती आणि जो बंधूंचं स्वागत करणाऱ्यांनाच मंडळीबाहेर काढत होता. पहिल्या शतकातही हे होतं.

हे सगळे प्रश्न एकाच दिवशी, वकिलासारखे विचारू नका. तासभर निवांत मागून घ्या. सुरुवातीला त्यांना सांगा की या मंडळीनं तुम्हाला कसं सावरलं, कारण ते खरं आहे आणि त्यांना ते ऐकायला मिळालं पाहिजे. लहान मंडळीचा पाळक बरंच एकट्यानं ओढत असतो. मग कागद पुढे ठेवा. त्यांच्या उत्तरांइतकंच त्यांच्या चेहऱ्याकडेही लक्ष द्या. 'याचं उत्तर माझ्याकडे नाही, वडिलांशी बोलून सांगतो' असं म्हणणारा पाळक मला हजरजबाबी पाळकापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

राहिली आई. ती बोलत नाही कारण तिला वाटतंय की तिच्या आयुष्यातली एक पवित्र सकाळ तुम्ही खोटी ठरवताय. बाप्तिस्मा पुन्हा घ्या किंवा घेऊ नका, पण तिचा प्रश्न उत्तराविना ठेवू नका. तिनं विचारलंय, आम्ही केलं ते काय होतं? तिच्याकडे जा आणि तिलाच विचारा. तो दिवस कसा होता, तिनं तुम्हाला कसं धरलं होतं, पाळकांसमोर तिनं कोणतं वचन दिलं, ते पाळायला तिला काय काय करावं लागलं. तुम्ही आज देवाकडे वळलात त्यात त्या वचनाचा वाटा आहे, हे तुमच्या नव्या मंडळीतला कोणताही शहाणा माणूस नाकारणार नाही. ते तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. सोबत तो कागद न्या. बाप्तिस्म्याचं कलम दाखवायची घाई नको. जिथे जाड रेघ ओढली आहे त्या ओळी काढा आणि दोघींनी मिळून मोठ्यानं म्हणा. तिला बहुतेक पाठ असतील.

पाळकांशी बोलणं झालं की मला लिहा. आईचंही कळवा.